काळेनिळे डाग आणि ‘ब्रेकिंग डॉन’

अकरावीतल्या भाचीने परवा मला एक रील पाठवली. स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ या कादंबरी-मालिकेतल्या (बेला ही साधी मुलगी आणि एडवर्ड हा व्हॅम्पायर यांची प्रेमकथा) शेवटच्या पुस्तकाबद्दल, म्हणजे ‘ब्रेकिंग डॉन’बद्दल. त्यात चार गोष्टी ठणकावून सांगितल्या होत्या: सिनेमा गाजला म्हणून पुस्तक घाईत लिहिलं, शेवटी लढाई होऊन एडवर्डचा मानलेला बाप कार्लाइल मरतो, बेलाचा मित्र जेकब, जो लांडग्याचं रूप घेऊ शकतो, तिच्या तान्ह्या बाळाच्या प्रेमात पडतो, आणि अंगावरचे काळेनिळे डाग ही खऱ्या प्रेमाची खूण, असं पुस्तकच सांगतं. खाली भाचीने लिहिलं होतं, ‘मावशी, कसलं रोमँटिक ना!’ ते वाचून मला झोप लागली नाही.

घाईचं आधी उरकते. पुस्तक 2 ऑगस्ट 2008 ला आलं. पहिला सिनेमा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. जो सिनेमा अजून लागलाच नव्हता, तो गाजला म्हणून पुस्तक कसं लिहिलं जाईल? शिवाय पहिली कादंबरी लिहून होताच मायरने ‘फॉरेव्हर डॉन’ नावाचा पुढचा भाग लिहिला होता, आणि ‘ब्रेकिंग डॉन’चा गाभा त्यातलाच आहे. हे तिने स्वतःच्या वेबसाइटवर सांगितलेलं आहे.

लढाई पुस्तकात होतच नाही. 2012 च्या सिनेमात कार्लाइलचं मुंडकं उडतं, तेही एडवर्डच्या बहिणीने, भविष्य दिसणाऱ्या अॅलिसने दाखवलेल्या भविष्यात. पुस्तकात अॅलिस नाहुएलला घेऊन येते. तोही बेलाच्या बाळासारखाच अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर. अशा मुलांपासून धोका नाही हे त्याच्यामुळे सिद्ध होतं आणि व्होल्तुरी, म्हणजे त्या बाळाला धोका समजून चालून आलेले व्हॅम्पायरांचे सत्ताधारी, परत जातात.

आता डागांचं. ब्राझीलजवळच्या बेटावर, लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी बेलाच्या अंगावर एडवर्डच्या अमानुष ताकदीमुळे डाग उठलेले असतात. पाचवं प्रकरण. रील बनवणाऱ्याने ते उघडून तरी पाहिलंय का? एडवर्डला त्या डागांचा अभिमान वाटतो का? तो हादरतो. तिला स्वतःचे दंड बघायला लावतो, स्वतःला राक्षस म्हणतो, आणि ती व्हॅम्पायर होईपर्यंत पुन्हा जवळ यायचं नाही असं ठरवतो. तो निश्चय पुढे टिकत नाही, ते खरं. पण डागांना तो एकदाही प्रेम म्हणत नाही, इजाच म्हणतो. पुस्तकात हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना सोळा वर्षांच्या पोरींना त्याच्या नेमकं उलट शिकवायचं, याचा मला संताप येतो.

एक मान्य करावं लागतं. बेला ते डाग मनावर घेत नाही. मी खूश आहे, मला काही झालेलं नाही, असं तीच त्याला समजावत राहते, आणि लेखिका तिला तिथे अडवत नाही. रीलला आधार मिळाला असेल तर इथेच. पण बेलाने डाग सोसले म्हणून ते प्रेमाची खूण ठरत नाहीत. त्या पानांवर एडवर्डइतकं घाबरलेलं दुसरं कोणी नाही.

जेकबबद्दलचं अर्धं खरं आहे. ‘इम्प्रिंट’ होतं, म्हणजे या लांडगा-माणसांचा एखाद्या व्यक्तीशी आपोआप जन्माचा बंध जुळतो तसा त्याचा बाळाशी जुळतो, पण तेव्हा त्याच्या मनात प्रणय नसतो. बेलाही ऐकून घेत नाही, ती त्याच्या अंगावर धावून जाते आणि मध्ये पडलेल्या सेथचा, जेकबच्या कळपातल्या मुलाचा, खांदा मोडतो. तरीही मला तो भाग कधीच पटलेला नाही. पुढे त्या मुलीचं कोणाशी जुळणार हे ती रांगायच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

भाचीला मी पाचव्या प्रकरणाचे फोटो पाठवलेत. रविवारी ती घरी येणार आहे, तेव्हा दोघी मिळून ते वाचू.