नाटक लिहिलंत? मग स्वस्थ बसा

जत्रेसाठी दोन अंकी ऐतिहासिक नाटक लिहिलंत ना? मग आता कॉपीराइट नोंदणीच्या फंदात पडू नका. एका नाटकाचे पाचशे रुपये सरकारजमा करायचे? तेवढ्यात चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची सुपारी येते. शिवाय पैसे भरून नुसता डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक मिळतो. मग कुणी हरकत घेतंय का, याची तीस दिवस वाट बघायची. हरकती आपल्याला देवस्थानच्या सभेत पुरेशा मिळतात.

१९५७चा कायदा तुमच्याच बाजूचा आहे. नाटक वहीत उतरलं की हक्क तुमचा, आणि तुमच्या पश्चात साठ वर्षं वारसांचा. नोंदणीची सक्ती नाही. नोंद असली तर कोर्ट ती प्रथमदर्शनी पुरावा मानतं, खोडून काढायचं काम समोरच्यावर पडतं. अशाने गावात वितुष्ट येतं. त्यापेक्षा वही दाखवावी: चहाचे डाग, समासात प्रॉम्प्टरने पेन्सिलीने लिहिलेलं 'पडदा', शेवटच्या पानाला पुसलेला रंग. तारीख मात्र घालू नये, दृष्ट लागते.

आणि झेरॉक्स मागेल त्याला द्यावी. मीही दिली. "बाब, वाचून परत करतो," म्हणाले होते.

पुढे नदीपलीकडच्या एका मंडळाने माझ्याच नाटकाचा प्रयोग लावला. देवळासमोर हौशी मंडळाने फुकट केला असता तर कायद्यानेच माफ होता. हा तिकीट लावून, हॉलमध्ये. फ्लेक्सवर नाटकाचं नाव नवं, लेखक म्हणून नायकाचा मेहुणा. मध्यंतरात अध्यक्षांना गाठलं. "कल्पना काय कुणाच्या बापाची असते?" ते म्हणाले. खरंच आहे, कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. शब्दांवर असतो, पण चहा गार होत होता.

दुसऱ्या अंकात राणोजीच्या जागी मी घाईत एकदा 'तुकोजी' लिहून गेलो होतो. आमच्या तालमीत ते सुधारलं, वहीत राहिलं. यांनी तुकोजीला वेगळा नट दिला. पगडी, तलवार, एकच वाक्य. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

यंदा त्याच मंडळाचा निरोप आलाय. तुकोजीचं काम रंगतं, पण फार लहान आहे, त्याला आणखी दोन प्रवेश लिहून द्याल काय?

लिहायला बसलोय. तारीख घातलेली नाही.