पहिल्यांदा खेळणारा माणूस एकदाच मिळतो

गेम अर्धवट असताना त्याचा डेमो बाहेर काढावा का, हा प्रश्न गोव्यातली हौशी गेम करणारी मुलं सारखी विचारतात. कोणी फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकत असतं, कोणी दिवसभर पणजीत नोकरी करून रात्री गोडो (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडून बसतं. उत्तर बहुतेक वेळा दोनातलं एक मिळतं: "टाक रे, काय होतंय!" किंवा "पुरा झाल्याशिवाय कोणाला दाखवू नकोस." डेमो कोणासमोर जाणार आहे, हे दोन्ही सल्ल्यांत कोणी विचारतच नाही. माझं मत असं आहे: कच्चा बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी प्रत, शक्य तितक्या लवकर द्यावा, पण मोजक्या माणसांना आणि समोर बसवून. सगळ्यांना खुला डेमो मात्र पहिली पंधरा मिनिटं पक्की होईपर्यंत रोखून धरावा.

कारण सांगतो. ज्याने तुमचा गेम कधीच पाहिलेला नाही, असा माणूस चाचणीसाठी सगळ्यात मोलाचा. एकदा त्याला कळलं की दार 'ई' दाबून उघडतं, की पुढच्या वेळी तो तिथे अडकत नाही. मग ते दार नव्या माणसाला कळतं की नाही हे त्याच्याकडून कधीच समजणार नाही. गोवा लहान. गेम खेळतील, लॅपटॉप असेल आणि तुमच्यासाठी अर्धा तास काढतील, असे लोक ओळखीत २५-३० भरले तरी पुष्कळ. त्या सगळ्यांना एका रात्रीत व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, की तीसही जण त्याच पहिल्या खड्ड्यात पडतात, तीसही जण "उडी कशी मारायची कळलं नाही" एवढंच सांगतात, आणि दुरुस्ती झाल्यावर सुरुवात तपासायला कोरा माणूस उरत नाही. पाच-पाच जणांना दिलं तर सहा फेऱ्या होतात. पाचाच्या पुढे त्याच चुका परत ऐकू यायला लागतात, त्यामुळे एका फेरीला पाच पुरतात. जुने खेळाडू वाया जात नाहीत; त्यांना पुढचे टप्पे आणि अवघडपणा तपासायला ठेवा.

समोर बसवणं म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवं. खेळणाऱ्याच्या थोडं मागे बसायचं, म्हणजे स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतात. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लावून स्क्रीन रेकॉर्ड करायची. वहीत वेळ लिहायची: दहा सेकंदांहून जास्त कुठे थांबला, कुठली चुकीची कळ दाबली, हात मोबाईलकडे कधी गेला. तोंड बंद. हे सगळ्यात कठीण आहे. त्याने "आता काय करू?" विचारलं तर "तुला काय वाटतं?" एवढंच विचारायचं. खेळ संपल्यावर "आवडला का?" हा प्रश्न टाळा. आपल्याकडे समोरचा माणूस "बरें आसा" (चांगलं आहे) म्हणणार आणि चहा पिऊन जाणार. त्यातून काही हाती लागत नाही. "त्या विहिरीपाशी तू काय शोधत होतास?" असं एका जागेवर बोट ठेवून विचारलं, की तो खरं बोलतो. विहीर तुम्ही नुसती सजावटीला ठेवलेली असते, आणि तो चार मिनिटं तिच्यात उतरायची वाट शोधत असतो.

जत्रेच्या नाटकाला रंगीत तालीम असते तशी ही तालीम. तालमीला वाड्यावरची चार जाणती माणसं बसतात, तिकिटं विकली जात नाहीत. गोव्यात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

आता बिल्ड हातात देण्याबद्दल, कारण निम्मे डेमो गेम सुरू होण्याआधीच पडतात. विंडोजवर झिप पाठवली की लोक ती न उलगडता आतल्या एक्झेवर (गेम चालू करणाऱ्या फाईलवर) डबल क्लिक करतात. विंडोज तेवढी एकच फाईल तात्पुरत्या जागी काढतं, शेजारची डेटा फाईल सापडत नाही, आणि एररची एक चौकट येऊन गेम बंद. गोडोमध्ये एक्स्पोर्ट करताना पीसीके (ती डेटा फाईल) एक्झेतच बसवायचा पर्याय आहे, तो सुरू करा. युनिटी या दुसऱ्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा फोल्डर वेगळाच राहतो, तिथे "आधी उलगडा" हे निरोपाच्या पहिल्या ओळीत लिहा. जीमेल एक्झे अडवतं, झिपमध्ये घातली तरी. गूगल ड्राइव्हची किंवा इचची (इच डॉट आयओ, हौशी गेम ठेवायची साइट) लिंक द्या. सही नसलेल्या एक्झेवर विंडोजची निळी चेतावणी येते. 'अधिक माहिती' आणि मग 'तरीही चालवा' हे कुठे दाबायचं त्याचा स्क्रीनशॉट सोबत जाऊ द्या, नाहीतर व्हायरस समजून माणूस फाईल पुसून टाकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बिल्डचा क्रमांक, ०.३.२ असा, स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दिसला पाहिजे. कोणी गडबडीचा फोटो पाठवला, की कुठल्या बिल्डमधला ते विचारावं लागत नाही. मेनूत लॉगचं (गेम चालताना झालेल्या नोंदींचं) फोल्डर उघडणारं एक बटण ठेवा. गोडो ४ डेस्कटॉपवर लॉग स्वतःहून लिहितो. लोकांना तो सापडत नाही, एवढंच.

वेब बिल्ड सोयीचा असतो, लिंक दाबली की खेळ सुरू. इचवर पान 'मर्यादित' ठेवून पासवर्ड लावता येतो, तालमीसाठी ते उत्तम. झिपमध्ये इंडेक्स फाईल सगळ्यात वरच्या पातळीवर हवी, एकूण फायली एक हजाराच्या आत, आणि उलगडल्यावर आकार ५०० एमबीच्या आत. गोडो ४.३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, थ्रेडशिवाय (एकाच वेळी अनेक कामं समांतर न चालवणारा) वेब बिल्ड काढता येतो. थ्रेडवाला काढलात तर इचच्या पानावर 'शेअर्ड अरे बफर' या पर्यायाच्या चौकोनात खूण करावी लागते, नाहीतर खेळ सुरूच होत नाही. गोडो ४ मध्ये सी-शार्प ही भाषा वापरली असेल तर वेबचा नाद सोडा. आणि पहिला क्लिक होईपर्यंत ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून "सुरू करण्यासाठी क्लिक करा" असा पडदा आधी ठेवा.

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी इथे एक खास फसगत आहे. तुमच्या लॅपटॉपवर गोडो ४ मध्ये देवनागरी सुरेख दिसते, कारण फाँट नसला तर तो विंडोजचा फाँट उसना घेतो. ब्राउझरमध्ये उसना घ्यायला काही नसतं, आणि प्रत्येक संवादाच्या जागी रिकामे चौकोन येतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी प्रकल्पात घालून थीमला लावा. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत वाटता येतात. गोडो ३ मध्ये आणि युनिटीच्या टेक्स्ट मेश प्रोमध्ये (अक्षरं दाखवणाऱ्या भागात) दुखणं वेगळं: अक्षरं दिसतात, पण जुळत नाहीत. 'किल्ला' लिहिलं तर पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'ल्ल' फुटून हलन्त वेगळा दिसतो. हे बघून मराठी माणूस पाच सेकंदांत पान बंद करतो, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. ज्या डेमोत आपली लिपी मोडलेली आहे तो खुला करूच नये, मग बाकीचा गेम कितीही चांगला असो.

अशा फसगतीचं दुसरं उदाहरण तालाच्या गेमचं, कारण घुमट आरतीवर (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरतीवर) गेम करावा ही कल्पना गोव्यात कोणालाही सुचेल. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली तर एका मात्रेला अर्धा सेकंद. मात्रेत चार थापा पडल्या तर दोन थापांमधलं अंतर १२५ मिलिसेकंद. ब्लूटूथ इअरफोनचा उशीर सहज १५०-२०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे कानाला ऐकू येईतो एक अख्खी थाप मागे पडलेली असते. घुमट वाजवणारा कसलेला माणूस तुमच्या गेममध्ये प्रत्येक थाप चुकतो आणि त्याला वाटतं, गेम करणाऱ्याला तालच कळत नाही. म्हणून तालाच्या गेमचा पहिलावहिला कच्चा बिल्डसुद्धा उशीर जुळवायच्या पडद्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका: १६ ठोके वाजवायचे, खेळणाऱ्याने प्रत्येकाला कळ दाबायची, फरकाची मधली किंमत घ्यायची आणि पुढे तेवढं वजा करायचं. सरासरी घेऊ नका, एखादा ठोका फारच चुकला तर ती बिघडते.

खुला डेमो कधी काढायचा, यासाठी माझी कसोटी एकच आहे. सलग पाच कोरे खेळाडू, तुमच्या एकाही शब्दाशिवाय, ८ जीबी रॅमच्या आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर डेमोच्या शेवटापर्यंत पोचले पाहिजेत. चारच पोचले तर पाचवा का अडला ते दुरुस्त करून मोजणी पुन्हा एकपासून.

मोठी उदाहरणंही हेच सांगतात असं मला वाटतं. १९९३ साली 'डूम'चा पहिला भाग फुकट वाटला गेला, पण तो भाग आपल्या जागी पूर्ण होता. 'अंडरटेल'चा डेमो २०१३ मध्ये आला आणि पूर्ण गेम २०१५ मध्ये. त्या डेमोतही सुरुवातीचा एक प्रदेश नीट शेवटपर्यंत खेळता येत होता. उलट 'स्टारड्यू व्हॅली' एकाच माणसाने चारेक वर्षं खपून केला आणि अर्धवट अवस्थेत विक्रीला न ठेवता २०१६ मध्ये थेट पूर्ण आणला. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' मात्र २००६ पासून अपुऱ्या अवस्थेतच लोकांसमोर होता आणि ते त्याला शोभलं, कारण त्यात कथा उघडी पडण्याचा प्रश्न नाही, प्रत्येक वेळी नवं जग तयार होतं. तुमचा गेम अशा जातीचा असेल, रोज नवा डाव पडणारा, तर लवकर खुला करायला माझी हरकत कमी. कोडी किंवा रहस्य असेल तर सगळ्यात जास्त थांबा. एकदा सुटलेलं कोडं त्या माणसासाठी संपलं.

स्टीमवर (संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात) जाणाऱ्यांनी 'प्लेटेस्ट' आणि 'डेमो' यांची गल्लत करू नये. प्लेटेस्टमध्ये लोक प्रवेश मागतात, तुम्ही हवे तेवढ्यांना आत घेता, आणि त्यावर रिव्ह्यू पडत नाहीत. तालीम तिथे करा. डेमोला २०२४ पासून स्वतःचं वेगळं पान देता येतं, आणि मग त्या पानावर रिव्ह्यूही येतात. कच्चा माल तिथे ठेवलात तर तुमच्या नावाखाली तेच लिहिलेलं राहतं. नेक्स्ट फेस्ट हा स्टीमचा डेमोंचा उत्सव वर्षातून तीनदा होतो, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, पण एका गेमला एकदाच भाग घेता येतो. ही संधी "बघू काय होतं ते" म्हणून वापरणं मला सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. स्टीमची १०० डॉलर फी गेमची आहे, डेमोला वेगळी पडत नाही. ती भरल्यावर गेम विक्रीला आणण्याआधी ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे दिसलं पाहिजे, हेही आधी जमेत धरा.

अँड्रॉइडवर तर निर्णय तुमच्या एकट्याचा नाहीच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला प्ले स्टोअरवर गेम आणण्याआधी बंद चाचणी घ्यावीच लागते: आधी २० माणसांची अट होती, डिसेंबर २०२४ पासून १२, सलग १४ दिवस. मधेच कोणी बाहेर पडलं आणि संख्या १२ खाली गेली तर दिवस अडतात, म्हणून १५-१६ जण घ्या. आणि इथे आधीचा हिशेब आठवा: हे सोळा जण तुमच्या त्या तिसांतलेच असणार. म्हणून या अटीसाठी आधीच खेळून झालेले जुने खेळाडू वापरा, कोरे राखून ठेवा.

खुल्या डेमोत पुढचे टप्पे लपवून ठेवणं ही नेहमीची चूक. गोडोची पीसीके फाईल नेहमीच्या एक्स्पोर्टमध्ये कुलूपबंद नसते, ती उघडायची साधनं सर्रास मिळतात, आणि मग शेवटचा राक्षस रिलीजच्या आधीच कुणाच्या तरी व्हिडिओत दिसतो. डेमोचा वेगळा एक्स्पोर्ट प्रीसेट (बिल्ड काढायच्या पर्यायांचा संच) करा, पुढच्या टप्प्यांचे फोल्डर त्यातून वगळा, आणि 'डेमो' असा फीचर टॅग (त्या बिल्डवरची खूण) लावून शेवटचा पडदा त्यावर बेतवा. सेव्ह फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्तीचा आकडा लिहा, आणि वस्तूंची नोंद यादीतल्या क्रमांकाने न करता नावाने करा. क्रमांकाने केली, तर मधे एक नवी वस्तू घातली की लोकांच्या झोळीतल्या कोयत्याचा नारळ होतो. सेव्ह पूर्ण गेममध्ये चालणार नसेल तर डेमो सुरू होतानाच सांगा.

दुरुस्त्यांसाठी गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) डेमोची शाखा वेगळी काढा. हे आळसाने राहतं, आणि मग डेमोतला एक क्रॅश काढायला अर्धवट नवा टप्पाही लोकांकडे जातो.

वेळेचं म्हणाल तर तालमीसाठी चवथीसारखा (गणेश चतुर्थीसारखा) दुसरा मोका नाही. मूळ घरात पंधरा-वीस माणसं दोन-तीन दिवस एकत्र, आठ वर्षांच्या पोरापासून साठीच्या काकांपर्यंत, आणि कोणीही तुमचा गेम पाहिलेला नसतो. दुपारी आरती-जेवण झाल्यावर पाच जणांना, एकेकाला वेगळ्या खोलीत बसवा. सगळ्यांसमोर खेळवलं तर पहिल्याचं बघून बाकीचे शिकतात आणि चार कोरे खेळाडू फुकट जातात. त्याच आठवड्यात खुला डेमो मात्र काढू नका. पहिल्या ४८ तासांत तक्रारी येतात तेव्हा तुम्ही लॅपटॉपसमोर असायला हवं, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली) नव्हे. पावसाळ्यात वीज जाते, बिल्ड अपलोड होताना तुटतो, तेव्हा इचचं बटलर हे साधन वापरा; दुसऱ्यांदापासून ते बदललेला भागच पाठवतं.

आणि जुना डेमो काढून टाकायला संकोचू नका. गेमची सुरुवात बदलली असेल तर सहा महिन्यांपूर्वीचा डेमो लोकांना आता नसलेला गेम दाखवत असतो. नवा तयार नसला तरी जुना उतरवा, पानावर तारखेसह दोन ओळी लिहा.