वकिलाची रेषा, टाकीचा पाइप

वकिलानं विटेचा तुकडा उचलला आणि कट्ट्यासमोरच्या फरशीवर एक गोल ओढला. "हे शहर. याच्या बाहेर बांधकामाला परवानगी नाही. संपला विषय."

"रेषा ओढून शहर थांबतं होय?" मास्तर म्हणाला. हा आधी विरोध करतो, कशाला ते मग शोधतो.

वकील तयारीनिशी आला होता. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टननं १९५८ मध्येच अशी हद्द आखली, भोवतालची घोड्यांची कुरणं प्लॉटवाल्यांच्या घशात जाऊ नयेत म्हणून. ऑरेगननं १९७३ मध्ये राज्यभरासाठी कायदा केला. तिथं शहराला हद्द हवीच, पण हद्दीच्या आत पुढच्या २० वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागाही दाखवावी लागते.

"आता जे शेवटचं बोललास ना, लोक तेवढंच विसरतात," टाकी म्हणाला. (उभी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून टाकी.) त्यानं तुकडा काढून घेतला आणि पहिल्या गोलाबाहेर दुसरा ओढला. "त्रिज्या दुप्पट. क्षेत्रफळ?"

"चौपट," मास्तर.

"आणि माणसं झाली दुप्पट. मग चौपट जागेतली गटारं, दिवे, कचऱ्याच्या गाडीच्या फेऱ्या, हे सगळं कोण भरणार? ज्या घराची रुंदी ६ मीटर, त्याच्या दारावरून ६ मीटर पाइप जातो. ३० मीटरचा प्लॉट असेल तर ३०. पाणी दोघंही तेवढंच पितात."

"पण पाइप बिल्डर टाकून देतो की, स्वतःच्या पैशानं," मी म्हणालो.

"टाकतो. तीसचाळीस वर्षांनी गंजला की बदलायला येतो का?"

इतका वेळ गप्प असलेला धाकटा आता बोलला. तो शहराच्या पार टोकाला राहतो. "तुमचं सगळं बरोबर. पण आत घर परवडलं असतं तर मी तिकडं कशाला गेलो असतो?"

खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात चांगला मुद्दा हाच होता. टाकीनंच त्याला दुजोरा दिला. कोलोरॅडोतलं बोल्डर. १९५९ मध्ये तिथल्या मतदारांनी ठरवलं, ५,७५० फुटांच्या वर नगराचं पाणी द्यायचं नाही. पाणी नाही म्हटल्यावर घरं नाहीत, डोंगर वाचला. १९६७ मध्ये मोकळी जमीन विकत घ्यायला लोकांनी स्वतःवर कर लावून घेतला. इथवर कौतुकच आहे. मग १९७६ मध्ये नव्या घरांवर वर्षाला साधारण २ टक्क्यांची मर्यादा घातली. नोकऱ्या मात्र येतच राहिल्या. घरांचे भाव आवाक्याबाहेर गेले आणि आता कामाला येणारी माणसं मोकळ्या जमिनीपलीकडच्या गावांतून रोज गाड्या हाकत येतात.

"म्हणजे पसरणं थांबलं नाही, उडी मारून पलीकडं गेलं," मास्तर म्हणाला. पहिल्यांदाच कुणाशी तरी सहमत.

"रेषा ओढायची तर आत मजले चढवायला हवेत," टाकी म्हणाला. "नकाशा कितीदाही बदलता येतो. पाइप मात्र जिथं नेलास तिथं शहर गेलंच. म्हणून आधी आतले जुने पाइप मोठे करा, आणि बंगल्यांच्या गल्लीत चार मजल्यांना परवानगी द्या."

"आमच्या गल्लीत?" वकील दचकला. "माझ्या गच्चीवरचं ऊन जाईल! पार्किंगचं काय?"

"मग रेषा कुठनं ओढू?" धाकटा म्हणाला. "तुझ्या कुंपणापासनं?"

यावर पाऊण तास गेला. तेवढ्यात धाकट्याची शेवटची बस निघून गेली, तेव्हा वकीलच त्याला गाडीवरून सोडायला गेला, दोन्ही गोलांच्या बाहेर.