मुलांच्या खोलीचा रंग मुलांना न विचारता कसा ठरवावा

मुलांच्या खोलीला रंग द्यायचे मनात आले की आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, ती ही की त्या खोलीत मूल झोपणार नाही. चौथीपर्यंत ते आईवडिलांच्या मधोमध आडवे झोपेल, पाचवीपासून हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करील, आणि ‘ही मुलांची खोली’ म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवल्या जाणाऱ्या त्या दहा बाय दहाच्या जागेत इस्त्रीला न गेलेले कपडे, व्यायामाची सायकल आणि मुक्कामाला आलेले आजोबा राहतील. तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांनी दारातून डोकावल्यावर काय म्हणावे, एवढाच निकष धरावा. तो एकदा मान्य केला की पुढचे सगळे सोपे जाते.

शेडकार्ड घरी आणून रात्री जेवणे आटोपल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात पाहावे. दिवसाउजेडी पाहिल्यास रंग खरा दिसण्याचा धोका असतो. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर आवडलेली छटा चारही भिंतींवर चढली की बरीच भडक दिसते, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपलाच रंग फेकत राहतात. म्हणून जाणती माणसे छोटा डबा आणून भिंतीवर दोन फूट नमुना मारतात आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर तो पाहून मगच ठरवतात. असला वेळकाढूपणा आपल्याला परवडणारा नाही, कारण दिवाळी तोंडावर आलेली असते आणि रंगारी दुसरीकडे काम धरण्याच्या बेतात असतो. शिवाय दुकानदार मशीनवर रंग मिसळून डबा हलवून देतो तो परत घेत नाही, आणि ही अट पालकांच्या निर्णयक्षमतेला फारच पोषक आहे.

मुलगा असेल तर निळा आणि मुलगी असेल तर गुलाबी, हा विषय चर्चेला घेऊच नये, कारण ती आपली प्राचीन परंपरा आहे. आपल्या आज्या हाताला लागेल त्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवत आणि त्यात मुलगा गुंडाळला आहे की मुलगी, याची त्या लुगड्याला पर्वा नसे, ही आठवण कोणी काढल्यास विषय बदलावा. त्याचप्रमाणे, अमेरिकेतल्या बाळकपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने जून 1918 मध्ये नेमका उलटा सल्ला छापला होता, गुलाबी हा ठसठशीत रंग म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना, ही माहिती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. तिथे थोरले काका शुभ सकाळच्या गुलाबाखाली त्यावर जे मत देतील ते खोलीचा रंग वाळला तरी संपणार नाही.

त्यानंतर मुलाचे भवितव्य. हिरव्याने एकाग्रता वाढते, पिवळ्याने बुद्धी आणि निळ्याने चित्त शांत राहते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याला पुरावा मागण्याचे कारण नाही. तिसरीतल्या मुलाला अभियांत्रिकीला पाठवायचे घरात ठरलेले असेल, तर टेबलासमोरची भिंत फिकट हिरवी करावी, म्हणजे पुढे गुण कमी पडले तर दोष रंगाच्या छटेवर ढकलता येतो. वास्तुतज्ज्ञ मात्र एकच बोलवावा. दोन बोलावल्यास तीच भिंत एकाला पिवळी हवी असते आणि दुसऱ्याला ती मुळात तिथे असायलाच नको असते. मूल फारच दांडगाई करीत असेल तर अमेरिकेचा दाखला घ्यावा. 1979 मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदल कैदखान्यातली एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली आणि त्यामुळे कैदी शांत होतात असा बराच गाजावाजा झाला. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांवरून त्या रंगाला ‘बेकर-मिलर पिंक’ म्हणू लागले. पुढच्या प्रयोगांत हा गुण काही टिकला नाही, पण मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी तीन वाजता प्रयोगांचे निष्कर्ष कोण वाचतो?

जी भिंत दर जुलैत ओल धरते, तिची गळती काढण्याच्या भानगडीत पडू नये, कारण गळती कोणाच्या बाथरूमची हे सोसायटीच्या बैठकीत अजून ठरायचे आहे. तिथे पोपडे खरवडून, लांबी भरून, दोन हात मारावेत आणि वर हत्तीचे स्टिकर लावावे. गणपतीपर्यंत हत्ती फुगतो आणि त्याच्या पोटाखालून बुरशीची काळी नक्षी बाहेर येते. मुलाचा पलंग त्याच भिंतीला लावावा आणि सर्दीसाठी आइस्क्रीमला बोल लावावा.

माळ्यावर आजोबांच्या काळचा पिवळ्या ऑइलपेंटचा डबा असेल, तर तो फुकट न घालवता पलंगाच्या कठड्याला वापरावा, म्हणजे दात येणाऱ्या बाळाला चावायला काहीतरी रंगीत मिळेल. जुन्या पिवळ्या आणि लाल ऑइलपेंटांत शिसे असे आणि ते मुलांच्या मेंदूला अपाय करते, म्हणून घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे 90 भागांहून अधिक शिसे नसावे असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला आणि नोव्हेंबर 2017 पासून तो लागू आहे. नव्या डब्यावर त्याचा उल्लेख असतो. परंतु डब्यावर वाचायचे ते किती लिटरवर काय फुकट, एवढेच.

भिंतीसाठी साधे डिस्टेंपर घ्यावे. धुता येणारा रंग घेतला तर मुलाने मारलेल्या खडूच्या रेघोट्या ओल्या फडक्याने निघून जातात, ते पुन्हा नव्या मारते, आणि घरात चित्रकार निपजण्याची भीती उत्पन्न होते. डिस्टेंपरवर तेच फडके फिरवले की रेघेबरोबर रंगही निघतो आणि त्या जागी जो पांढुरका ढग उरतो, तो पुढची पाच वर्षे बोट दाखवून ओरडण्याच्या कामी येतो.

एवढे झाल्यावर, घरातले वातावरण मोकळे आहे हे दिसावे म्हणून, मुलाचे मत अवश्य विचारावे. ‘बाळा, तुला क्रीम आवडेल की ऑफ-व्हाइट?’ असा प्रश्न टाकावा. त्यावर ते ‘काळी, आणि वर चांदण्या’ असे म्हणाले, तर त्याला जवळ घेऊन समजावावे की काळ्याने खोली लहान दिसते, घरात अवकळा येते आणि आजीला चालणार नाही, आणि स्वतःच्या पैशाने फ्लॅट घेशील तेव्हा खुशाल हवा तो रंग दे. पंचवीस वर्षांनी कर्ज काढून ते फ्लॅट घेईल, तेव्हा आदल्या रविवारी शेडकार्ड घेऊन तिथे हजर व्हावे.