पारदर्शक नळीत हवा कोंडू नका

विज्ञान प्रदर्शनासाठी हवेच्या दाबावर कागदी रॉकेट उडवणारा लाँचर करायचा म्हटलं, की एक सल्ला हमखास पुढे येतो: 'हवेची टाकी पारदर्शक पाइपची करा. पाइपवर 10 किलो प्रेशर छापलेलं असतं, लाँचरचा 5 बार (1 बार म्हणजे साधारण 1 किलो प्रेशर) म्हणजे त्याच्या निम्मंच. शिवाय आत सगळं दिसतं, चीर पडली तर आधीच कळेल. खात्री हवी तर पाण्याने टेस्ट करून घ्या.' ऐकायला पटतं, पण यातला एकही मुद्दा पुरता टिकत नाही, आणि हे लाँचर बहुतेक वेळा मुलांच्या हातात असतात.

'10 किलो छापलंय.' तो आकडा पाण्यासाठी आहे. आपल्याकडे पीव्हीसी पाइपचं आयएस 4985 हे मानक पिण्याच्या पाण्याच्या पुरवठ्यासाठी आहे आणि त्यातला दाब 27 अंश सेल्सिअसला धरलेला आहे. ऊन वाढलं की पीव्हीसी मऊ पडतं. 43 अंशांच्या आसपास त्याची दाब सोसायची क्षमता जवळपास निम्म्यावर येते, 60 अंशांना पाव हिस्साही उरत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात ठेवलेला पाइप किती तापतो, हे हात लावून बघा. पारदर्शक पीव्हीसी त्यातही कमजोर: अमेरिकेत शेड्यूल 40 या जाडीच्या श्रेणीतल्या 2 इंची राखाडी पाइपला 280 पीएसआय (दाबाचं तिकडचं एकक) रेटिंग असतं, त्याच मापाच्या पारदर्शक पाइपला 140. रंगीत पाइपमधलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हापासून बचाव करतं. पारदर्शक पाइपमध्ये ते नसतं, म्हणून तो लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो.

'पाण्याने टेस्ट केली की झालं.' खरी गफलत इथे आहे. 2 लिटरच्या टाकीत 5 बार दाबाचं पाणी भरलं, तर ते इतकं कमी दाबलं जातं की त्यात ऊर्जा साठते जेमतेम 0.1 जूल. टाकी फुटली तर पाणी सांडेल, दाब तिथल्या तिथे शून्यावर. तेवढ्याच टाकीत 5 बारची हवा भरली, तर ती फुटून पसरताना साधारण 700 जूल काम करते, म्हणजे 1 किलोचं वजन 70 मीटरवरून पडावं तेवढं. दाब तोच, ऊर्जा काही हजार पट. पाण्याची टेस्ट जरूर करा, पण ती फक्त 'आज, या तापमानाला गळत नाही' एवढंच सांगते. महिन्याभराने पाइप फरशीवर आपटल्यावर काय होईल, ते सांगत नाही. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने 1988 मध्येच जमिनीत न पुरलेल्या पीव्हीसी पाइपमधून दाबाखालची हवा नेण्याविरुद्ध इशारा दिला होता. पाइप फुटून कामगार जखमी झाला, त्यानंतरचा तो इशारा.

'मग ॲक्रिलिक घ्या, 70 मेगापास्कल ताकद आहे.' ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, आणि 1 मेगापास्कल म्हणजे 10 बार. हिशेब करूनच बघू. बाहेरून 50 मिमी, भिंत 3 मिमी, दाब 5 बार: भिंतीतला ताण सुमारे 4 मेगापास्कल. सतरा पट सुरक्षित वाटतं. पण सतत भारासाठी ॲक्रिलिकचा ताण साधारण 10 मेगापास्कलच्या आत ठेवतात. व्हॉल्व्हसाठी भोक पाडलं, की भोकाच्या कडेला ताण अडीच पट होतो, म्हणजे तिथेच 10. त्यात आटे पाडले, की प्रत्येक आट्याच्या तळाशी एक धारदार खाच. वर निमुळती पितळी निपल (आटे असलेला छोटा जोड), टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे, आणि पान्याने शेवटचा एक पीळ. निपल पाचरीसारखी आत घुसते आणि हवा भरायच्या आधीच नळी ताणात बसते. मग कोणी थिनरने किंवा सॅनिटायझरने पुसतं, आणि ताणात बसलेलं ॲक्रिलिक तडकू लागतं. तिरप्या उजेडात भोकाभोवती चंदेरी केसांसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर ती नळी टाकून द्या.

'चीर आधी दिसेल' हे म्हणूनच अर्धवट खरं आहे. रेघा दिसतात, पण शोधल्या तर. प्रत्यक्ष तडा सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतो. तो बघून मागे सरकायला वेळच नसतो. आणि अंगात घुसलेला ॲक्रिलिकचा तुकडा एक्स-रेवर सहज दिसत नाही.

पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक चिवट आहे, मान्य. पण कारखान्यातल्या एअर लाइनवरचा फिल्टर पाहा: पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक वाटीवर अनेकदा लोखंडी जाळीचं किंवा पत्र्याचं कवच असतं. ॲसिटोन, अमोनियायुक्त क्लीनर, कॉम्प्रेसरची काही सिंथेटिक तेलं आणि आट्यांना लावायचं थ्रेडलॉकर यांनी तेही तडकतं.

मग करायचं काय? लहान मुलांसाठी हवा साठवूच नका. 2 लिटरची रिकामी सोड्याची बाटली, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, अर्धा इंची पाइप. बाटलीवर उडी मारली की कागदी रॉकेट सुटतं. दाब क्षणभराचा, पाइपचं तोंड उघडं.

दाब भरायचाच असेल तर पाण्याचं रॉकेट करा. बाटली सोड्याचीच हवी; साध्या पाण्याची पातळ असते. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, ताणून फुगवलेलं असल्याने ते सहसा काचेसारखं न फुटता फाटतं, तरी 4 बारच्या वर जाऊ नका. पायपंप 7 बारही सहज गाठतो, त्यामुळे गेजबरोबर 4 बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह लावाच. एक तृतीयांश पाणी भरा. तेवढी हवा कमी. पंखांना गरम ग्लू गन नको, 70 अंशांच्या पुढे पेट मऊ पडून आकसतं. बाटलीवर पांढरी घडी उमटली की बाटली बाद. पंपाची नळी किमान 5 मीटर ठेवा आणि पंपाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक बॉल व्हॉल्व्ह बसवा. रॉकेट अडकलं तर जवळ जाऊन ओढायचं नाही. आधी तो व्हॉल्व्ह उघडून गेजचा काटा शून्यावर आणायचा.