हे काय कोर्ट आहे का, मॅडम?

आज भाचा येऊन गेला. नुकतीच सनद मिळालीये त्याला, कोट अजून कडक आहे, आणि कोटाबरोबर तो एक आवाज येतो ना वकिलांना, तोही आलाय. सोफ्यावर माझं पुस्तक उपडं पडलं होतं, ते साहेबांनी दोन बोटांत उचललं, मागचं कव्हर वाचलं आणि म्हणतो कसा, "मावशी, तू अजून असलं वाचतेस? अगं खऱ्या कोर्टात असलं काही होत नाही. साक्षीदार ढसाढसा रडून कबुली देत नाही, वकील फेऱ्या मारत डायलॉग टाकत नाही. सगळं कंटाळवाणं असतं." मी हसले, बरं म्हटलं, विषय सोडला. तो गेला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय. तो वाचणार आहेच. वाच बाबा.

मला एक कळत नाही, ही शिकवणी आम्हालाच का? रहस्यकथा वाचणाऱ्यांना कोणी सांगायला जात नाही की खरे खून असे लायब्ररीत, पाहुणे जमलेले असताना होत नसतात. प्रेमकथावाल्यांनाही कोणी अडवत नाही. कोर्टाची गोष्ट हातात दिसली की मात्र जो तो समजावायला येतो, जणू मी उद्या वकीलपत्र दाखल करायला निघालेय. माहितीये रे आम्हाला. कादंबऱ्यांतल्या त्या पेरी मेसन वकिलाच्या खटल्यांसारखं दर वेळी खरा गुन्हेगार उठून "होय, मीच" म्हणत नाही हे माहितीये. आणि तुला माहीत नसेल म्हणून सांगते, मेसनच्या त्या गाजलेल्या कबुल्या बऱ्याचदा मुख्य खटल्यात नसतातच, त्याआधीच्या प्राथमिक सुनावणीत असतात, जिथे ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी साधी माणसं, बसलेलीच नसते. लिहिणारा अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकिली केलेला माणूस. १९३३ साली मेसनचं पहिलं पुस्तक आलं, पुढे ८० च्या वर झाली, आणि हाच माणूस १९४८ मध्ये एका मासिकाच्या मदतीने तज्ज्ञ गोळा करून, चुकून शिक्षा झालेल्या खऱ्याखुऱ्या कैद्यांच्या केसेस पुन्हा तपासायला बसला. तेव्हा असलं लिहिणाऱ्यांना कोर्ट माहीत नसतं वगैरे मला सांगू नकोस.

खुनी कोण यात मला फारसा रस नसतो, खरं सांगते. अर्ध्या पुस्तकांत ते अर्ध्यावर कळतंच. मी वाचते ते उलटतपासासाठी. एक माणूस प्रश्न विचारतो आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, बस, एवढंच. तो उठून जाऊ शकत नाही, "नंतर बोलू" म्हणू शकत नाही, "आधी तुझा टोन बघ" म्हणून विषय फिरवू शकत नाही. आठवून बघा, शेवटचं कधी तुम्ही कोणाला सरळ प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर मिळालं? घरात? ऑफिसात? नात्यात? माझं तर आयुष्य "बघू", "तसं नाही गं ते", "तुला समजणार नाही" यातच गेलं.

जवळच्यांना हा किस्सा माहितीये, बाकीच्यांसाठी सांगते. पूर्वी मी जिथे नोकरी करत होते तिथून एक फाइल गेली, मूळ कागदांची. एका सहकाऱ्याने लेखी दिलं की संध्याकाळी त्याने आपल्या जागेवर बसल्या बसल्या मला ती फाइल घेऊन दाराबाहेर जाताना बघितलं. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलापलीकडे तिघं, अलीकडे मी. त्याचं पत्र त्यांच्या पुढ्यात, म्हणजे माझ्याकडून उलटं, आणि मला हातात द्यायला कोणी तयार नाही, म्हणून मी ते उलटंच वाचायचा प्रयत्न करत होते. माझं नाव दिसत होतं आणि "स्वतःच्या डोळ्यांनी" एवढे शब्द लागत होते. मी म्हटलं, त्यांना आत बोलवा ना, मला एकच विचारायचंय, तुम्ही कुठे बसला होतात? कारण त्याची खुर्ची आणि ते दार यांच्यामध्ये लोखंडी कपाट होतं, पुरुषभर उंचीचं, आणि टेबलापलीकडच्या तिघांनाही ते कपाट पाठ होतं. तर त्यातले जे वरिष्ठ होते ते अगदी गोड हसून म्हणाले, "अहो, हे काय कोर्ट आहे का, मॅडम?" बाकीचे दोघंही हसले.

नाही ना. कोर्ट असतं तर बोलवावं लागलं असतं त्याला!

आता अब्राहम लिंकनची गोष्ट ऐका, ही कादंबरीतली नाही, खरी आहे. १८५८ साल, इलिनॉय राज्य, लिंकन अजून राष्ट्राध्यक्ष व्हायचाय, वकिली करतोय. ओळखीच्या घरातल्या आर्मस्ट्राँग नावाच्या पोरावर खुनाचा आरोप. साक्षीदार म्हणतो मी दीडशे फुटांवरून बघितलं, रात्री अकराच्या सुमाराला, चंद्र डोक्यावर होता, लख्ख दिसत होतं. लिंकन त्याच्या अंगावर अजिबात धावून जात नाही. तेच तेच विचारतो, चंद्र होता ना, नक्की होता ना, वर होता ना, आणि तो बिचारा दर वेळी छातीठोकपणे हो हो म्हणत जातो. मग लिंकन पंचांग काढतो. आपलं पंचांग असतं तसं त्यांचं अल्मनॅक. त्या रात्री त्या वेळेला चंद्र मावळतीला टेकलेला. पोरगा सुटला आणि लिंकनने फी घेतली नाही.

मला काय एवढं पंचांगही लागणार नव्हतं. कपाट होतं.

चांगला उलटतपास लिहिलेला असला ना की मी वाचताना पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसती बसते. सुरुवात किती साधी असते बघा. तुम्ही रोज त्या रस्त्याने जाता? हो. साधारण त्याच वेळेला? हो. दिवा कोपऱ्यावर आहे ना? हो. वाचणाऱ्यालाही वाटतं हा काय वेळ घालवतोय, आणि साक्षीदार तर खूशच असतो, सगळी उत्तरं येतायत त्याला. आणि मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं की प्रत्येक "हो" बरोबर आपण एक दार आपल्याच हाताने लावत आलोय. स्वतःच्या साक्षीदाराला वकील "मग काय झालं?" असं मोकळं विचारतो, तिथे उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही, समोरचा लगेच हरकत घेतो. तोच वकील उलटतपासाला उभा राहिला की त्याचे प्रश्न प्रश्नच राहत नाहीत, "तुम्ही चष्मा लावला नव्हता, बरोबर?" एकाच माणसाचे हे दोन आवाज ज्या लेखकाला जमले तो माझा लेखक. आणि सगळ्यात भारी काय तर तो शेवटचा प्रश्न, जो सगळ्यांच्या जिभेवर आलाय, तो चांगला वकील विचारतच नाही. खाली बसतो. कारण एक प्रश्न जास्त विचारला की साक्षीदाराला सावरायला जागा मिळते. मला हे वाचताना अंगावर काटा येतो. भाच्याला म्हणे कंटाळा येतो.

चष्म्यावरून, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आठवा, १९५७ चा, किंवा आपल्याकडच्यांनी बघितलेला त्याचा हिंदी अवतार, 'एक रुका हुआ फैसला', १९८६ चा. त्यात तर कोर्ट जवळपास नाहीच, एका बंद खोलीत एका खुनाच्या खटल्याचा निर्णय करायला बसलेली ज्युरीची बारा माणसं. पण तिथेही तेच, जी बाई म्हणते मी खून होताना बघितलं तिच्या नाकावर चष्म्याचे वण होते हे एकाला आठवतं, आणि अंथरुणावर पडलेलं कोणी चष्मा लावून झोपत नाही. कुठून बघितलं, कशातून बघितलं, किती बघितलं. एवढं तरी विचारा ना लोकहो, कोणाचं वाटोळं करण्याआधी!

आणि ती "ऐकीव माहिती चालणार नाही" वाली हरकत. काय सुंदर चीज आहे ती. आमच्या त्या केबिनमध्ये दुसरं वाक्य काय होतं माहितीये? "तसं तुमच्याबद्दल लोकही बोलतात." कोण लोक? नाव सांगा ना. कोणी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, कधी ऐकलं? माणसाला आयुष्यातून उठवायला "लोक बोलतात" एवढं पुरतं, पोस्ट वाचणाऱ्या प्रत्येकीला माहितीये मी काय म्हणतेय ते. माझी दुसऱ्या विभागात बदली केली, वर "तुमच्याच भल्यासाठी" म्हणाले. फाइल नंतर सापडली. कुठे ते लिहीत नाही कारण इथले काही जण अजून तिथे कामाला आहेत. माझी माफी कोणी मागितली नाही हे वेगळं सांगायला नकोच.

हो, खऱ्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात, गरीब माणूस आत सडतो, पैसेवाल्याला भारी वकील मिळतो, मान्य. कोर्ट खरंच कसं चालतं ते बघायचं तर चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा 'कोर्ट' आहे, मी बघितलाय, कबूल आहे. आणि भाचा असंही म्हणाला की ऑफिसच्या रीतसर चौकशीतही उलटतपासाची संधी द्यावीच लागते. द्यावी लागते रे, पण ती रीतसर केली तर ना! म्हणून तर ते लोक तिला चौकशी म्हणतच नाहीत, "जरा बसून बोलू या" म्हणतात.

याच्यावरून तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' माझ्यासमोर नेहमी कोणीतरी आणतं, बघा कोर्टाच्या नावाखाली काय करतात. अहो पण त्यात काय आहे ते नीट बघा. ते खेळातलं खोटं कोर्ट, तो सुखात्मे आरोप करणाऱ्याचाही वकील आणि आरोपी ठरवलेल्या बेणारेचाही वकील. न्यायाधीश झालेले काशीकर स्वतः उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन बेणारेविरुद्ध बोलून येतात आणि परत निवाडा द्यायला तयार. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. त्या केबिननंतर बघितलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना. ती माणसं मला माहिती होती. टेबलापलीकडे तीच बसली होती, हसत.

खूप चिडून लिहितेय ना. थांबते जरा.

त्या सहकाऱ्याबद्दल आता मला तसा राग नाहीये, म्हणजे आहे, पण पूर्वीसारखा नाही. तेव्हा त्याची नोकरी पक्की नव्हती. आणि ते पत्र मी उलटं जेवढं वाचलं तेवढ्यातही "सदर बाब निदर्शनास आली" असलं काहीतरी होतं, आणि हा माणूस रजेच्या अर्जातसुद्धा असलं लिहायचा नाही. सही त्याची, भाषा कोणाची तरी. कोणी त्याला दोन प्रश्न विचारले असते तर कदाचित तोही सुटला असता. मागे एका लग्नात समोरासमोर आलो. केस पांढरे झालेत त्याचे. तब्येतीची चौकशी केली त्याने, आणि "कुठे बसला होतात" अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, पण तिथे उत्तर द्यायचं बंधन नव्हतं त्याच्यावर. "जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी" म्हणाला असता आणि सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं. मी तब्येत बरी आहे म्हटलं.

आता कोणी म्हणेल की मग ही पुस्तकं म्हणजे तुझा बदला आहे. असेल! काय बिघडलं? लोक घोड्यावरून तलवारी चालवणारे सिनेमे बघून शांत होतात, मी "साक्षीदार, प्रश्नाचं उत्तर द्या" हे न्यायाधीशाचं वाक्य वाचून शांत होते. त्या वाक्यावर मी जगते.

सगळीच चांगली असतात असं नाही हां. शेवटच्या क्षणी दार ढकलून कोणीतरी पुरावा घेऊन धावत येतो ती मला चालत नाहीत, समोरच्या बाजूला आधी कळवल्याशिवाय असं काही पुढे करता येत नाही एवढं मलाही समजतं. वकील गाडीतून पाठलाग करतो ती तर नाहीच. आणि खरं कोर्ट ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी लिहिलेल्याची चव वेगळीच. 'अनॅटमी ऑफ अ मर्डर' ज्याने लिहिलं तो टोपणनावाने लिहिणारा मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होता, आणि १९५९ च्या सिनेमात न्यायाधीशाचं काम केलंय जोसेफ वेल्च या खऱ्या वकिलाने. हा तोच वेल्च, ज्याने १९५४ मध्ये टीव्हीवर सगळ्या देशादेखत, ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या अमेरिकेच्या सिनेटर मॅकार्थीला तोंडावर विचारलं होतं की तुमच्यात थोडीतरी सभ्यता उरलीये का. त्या माणसाला कितीजण घाबरून होते, आणि एका सुनावणीत एका म्हाताऱ्या वकिलाने साधा प्रश्न विचारला. मॅकार्थीला काही धड उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न नोंदला गेला ना! माझा नोंदलाही गेला नाही.

असो. आता मुद्द्याचं, हातातलं संपत आलंय, पुढचं काहीतरी सुचवा. मराठी, इंग्रजी, हिंदी काहीही चालेल. अट एकच, किमान एक उलटतपास लांबलचक हवा, पानंच्या पानं, आणि वकिलाने आवाज चढवता कामा नये. आणि 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' सुचवू नका, झालाय, दोनदा. त्या १९५७ च्या सिनेमात शेवटी प्रेक्षकांना विनंती केलीये की शेवट कोणाला सांगू नका, तीच माझीही समजा. जो सांगेल त्याला अनफ्रेंड करणार आहे, भाचा असला तरी.