डोगोनांना शिकवायला परग्रहावरून कुणी आलं नव्हतं

'आफ्रिकेतल्या माली देशाबद्दल थक्क करणाऱ्या गोष्टी' हा मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. आता माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक मुद्दा आधी. मेसेज म्हणतो, व्याधाच्या ताऱ्याला नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जोडीदार आहे हे मालीतल्या डोगोन जमातीच्या लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक होतं आणि ते त्यांना परग्रहवासीयांनी सांगितलं. हा जोडीदार दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसला १८६२ मध्ये. डोगोनांच्या नावावर ही माहिती छापून आली १९५० मध्ये, मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन डीतर्लां या फ्रेंच अभ्यासकांच्या लेखात. त्यांनीही परग्रहवासीयांचं नाव काढलेलं नाही. ते खूळ १९७६ च्या एका लोकप्रिय पुस्तकाने पसरवलं. पुढे वाल्टर फान बेक हे डच मानववंशशास्त्रज्ञ डोगोनांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि १९९१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. व्याध हा जोडतारा आहे असं सांगणारा डोगोन त्यांना भेटला नाही. ग्रिओल ज्याला 'सिगू तोलो' म्हणत, तो तारा नेमका कोणता यावरही माहितगारांचं जमेना. मात्र तो आपल्याला ग्रिओलकडूनच कळला, हे सगळ्यांनी सांगितलं.

मला राग येतो तो याचा, की बांदियागाराच्या कड्याला धरून गावं वसवणाऱ्या, साठ वर्षांनी एकदा सिगुईचा सोहळा करणाऱ्या लोकांचं खरं कर्तृत्व बाजूला पडतं आणि त्यांना कुणा परक्याचे शागीर्द ठरवलं जातं.

मालीतल्या जेने शहरातली मातीची मशीद 'आठशे वर्षं जशीच्या तशी उभी' नाही. जुनी एकोणिसाव्या शतकात पडीक झाली, आजची १९०७ ची. शिवाय दरवर्षी गवंडी आणि सगळं गाव मिळून तिला चिखलाचा गिलावा देतात, नाहीतर पावसाळ्यांपुढे ती टिकणारच नाही.

मालीचा चौदाव्या शतकातला सम्राट मान्सा मूसा अफाट श्रीमंत होता, हे मात्र मान्य करावं लागेल. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असं अल्-उमरी या अरब इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. पण त्याच्या संपत्तीचा मेसेजमधला '४०० अब्ज डॉलर' हा आकडा कुठल्याही हिशेबातून आलेला नाही.

आणि 'फ्रेंचांनी तिंबक्तूला लिहायला-वाचायला शिकवलं'? फ्रेंच मालीतल्या या शहरात पोहोचले १८९४ च्या सुमाराला. त्याच्या तीनशे वर्षं आधी मोरोक्कोच्या फौजेने तिंबक्तूचे विद्वान अहमद बाबा यांना कैद करून नेलं, तेव्हा आपली सोळाशे पुस्तकं लुटली गेल्याची तक्रार त्यांनी केली होती. आणि आपल्या कुटुंबात सगळ्यात लहान संग्रह आपलाच, असंही त्यांनी सांगितलं होतं.